उइरापुरू, 'जैत रे जैत' आणि शाळेतली गाण्याची वही



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवार होता. आपल्याकडे आता 'आनंददायी शनिवार' आहे, दप्तराला सुट्टी. पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडं पावसाळ्यात मैदानावर खेळ कुठला घेणार? बाहेर धो धो पाऊस, मैदानात गुडघाभर चिखल. त्यात आवणीचे दिवस. भातलावणी सुरू झाली की आमची हजेरी निम्म्यावर येते, हे या भागातल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. सहावी-सातवीची मिळून वीस-बावीस मुलं एका वर्गात बसवली, ब्लूटूथ स्पीकर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "डोळे मिटा. मी एक संगीत लावतो, त्यात शब्द नाहीत. तुम्हाला काय काय दिसतं ते नंतर सांगायचं."

कुठल्या देशाचं, कोणाचं, काहीच सांगितलं नाही. चार-पाच मिनिटं वाजू दिलं आणि बंद केलं.

उत्तरं ऐकण्यासारखी होती. "सर, रान आहे." "कोणतरी लपून बसलंय." "पाऊस येणार आहे पण अजून आला नाही." मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सर, त्यात एक पाखरू आहे. ते दिसत नाही, नुसतं ओरडतंय."

मित्रांनो, त्या पोरानं नेमकं ओळखलं होतं. त्या रचनेचं नावच एका पक्ष्याचं आहे, 'उइरापुरू'.

रचना काय आहे?

उइरापुरू हा ब्राझीलमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला एक छोटासा तपकिरी पक्षी. दिसायला साधा, पण आवाज असा की तो गायला लागला की बाकीचं सगळं रान गप्प होतं, असं तिथले लोक मानतात. त्याच्याभोवती लोककथा आहेत. त्यातली एक घेऊन एइतोर व्हिला-लोबोस या ब्राझिलियन संगीतकारानं मोठ्या वाद्यवृंदासाठी ही रचना केली. तिच्यावर साल आहे 1917. ती लोकांसमोर आली मात्र 1935 मध्ये, अर्जेंटिनातल्या बुएनोस आयर्स शहरात, बॅले म्हणून. साधारण वीस मिनिटांची आहे.

कथा मुलांना अशी सांगितली. रात्रीच्या जंगलात लोक उइरापुरूला शोधत फिरताहेत. तो प्रेमाचा देव आहे असं त्यांनी ऐकलंय. वाटेत त्यांना एक कुरूप म्हातारा भेटतो, नाकानं बासरी वाजवणारा. लोक त्याला हुसकावून लावतात. मग एक देखणी शिकारी मुलगी येते, पक्ष्याच्या आवाजानं भुलते आणि त्याला बाण मारते. बाण लागताच पक्ष्याचा राजबिंडा तरुण होतो. सगळे आनंदात असतात, तेवढ्यात लांबून त्या म्हाताऱ्याच्या बासरीचा आवाज येतो. तो सूड घ्यायला परत आलेला असतो. त्याच्या बाणानं तरुण मरतो. मुली त्याला झऱ्यापाशी नेतात, आणि तिथं तो पुन्हा पक्षी होऊन रानात नाहीसा होतो. उरतो तो फक्त आवाज.

गोष्ट सांगून झाल्यावर तेच संगीत परत लावलं. आता मुलं डोळे मिटून बसलेली नव्हती, बोटं दाखवत होती. "हे पाखरू", "हा म्हातारा आला". या वाद्यवृंदात नेहमीच्या व्हायोलिन-बासरीबरोबर ब्राझीलची लोकवाद्यं आहेत, सॅक्सोफोन आहे आणि व्हायोलिनच्या लाकडी पेटीऐवजी कर्णा लावलेलं एक विचित्र वाद्यही आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंद मुलांना समजणार नाही, ही भीती माझ्या मनात होती. ती वीस मिनिटांत गेली. गोष्ट समजली की वाद्यं परकी वाटत नाहीत.

आणि मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या आजीच्या गोष्टीत पण असंच होतं. पाखराचा माणूस होतो." मी विचारलं, कुठली गोष्ट? ती म्हणाली, "आजीला विचारावं लागेल. मला अर्धीच येते."

हे 'अर्धीच येते' मला लागलं. का लागलं ते पुढं सांगतो.

आपल्याकडे असं काही झालंय का?

झालंय की. आणि आपल्याच डोंगरातल्या माणसांवरून झालंय.

'जैत रे जैत' आठवा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी आणि तिच्यावरचा 1977 चा जब्बार पटेलांचा चित्रपट. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, म्हणजे नाग्या आणि चिंधी. गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. कथा ठाकरांची. लिंगोबाचा डोंगर, त्यावरची मधमाश्यांची पोळी आणि त्यातली राणी माशी. तिला बघण्याचा ध्यास घेतलेला भगताचा पोर. आता उइरापुरूची कथा शेजारी ठेवून पाहा. एकीकडे जादूचा पक्षी, दुसरीकडे राणी माशी. दोन्हीकडे डोंगर-रान हे नुसतं ठिकाण नाही, ते कथेतलं एक पात्रच आहे. दोन्हीकडे जे हाताला लागत नाही त्याच्यामागं माणूस धावतो, आणि त्याची किंमत मोजतो. सातासमुद्रापलीकडच्या दोन जंगलांत इतकं साम्य निघावं, याचं मुलांनाही नवल वाटलं.

'जैत रे जैत'ची कथा कर्नाळ्याच्या बाजूची, म्हणजे रायगड जिल्ह्यातली. पण ठाकर समाज आपल्या अकोल्यातही आहे, महादेव कोळी समाज आहे. आमच्या वर्गातली निम्मी मुलं त्यांचीच. या चित्रपटातली गाणी मी मुलांना ऐकवली तेव्हा एकानं विचारलं, "सर, हे आपल्यातलं आहे ना?" त्याच्या तोंडावरचा तो भाव मला पाठ्यपुस्तकातला कुठलाही धडा शिकवताना दिसलेला नाही.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 'सैराट'. 2016 साली अजय-अतुल यांनी त्यातल्या गाण्यांसाठी अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. गोष्ट कुठली? करमाळ्याची, म्हणजे आपल्या कर्जत-जामखेडच्या शिवेला लागून असलेल्या तालुक्याची. दिग्दर्शक नागराज मंजुळे याच तालुक्यातल्या जेऊरचे, आणि त्यांचं शिक्षणही काही काळ नगरला झालेलं. म्हणजे गावाकडची बोली आणि ठेका हॉलिवूडच्या व्हायोलिनशेजारी बसू शकतो, हे आपण कानांनी ऐकलेलं आहे. तरी आपल्या स्नेहसंमेलनात या सगळ्यातलं काय येतं? साउंड सिस्टिमवर 'झिंगाट' आणि त्यावर बसवलेला नाच. मुलं नाचतात, पालक टाळ्या वाजवतात, त्यात वाईट काही नाही. पण त्या गाण्यापर्यंत पोचायचा रस्ता ज्या मातीतून गेला, ती माती मुलांच्या स्वतःच्या अंगणात आहे, हे त्यांना कोण सांगणार?

माझी चूक

आता ती गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. पाचवीतली एक मुलगी पुढं आली. म्हणाली, मी गाणं म्हणते. आणि तिनं आवणीच्या वेळी बाया म्हणतात तसलं एक लांबलचक गाणं सुरू केलं. आजीकडून शिकलेलं. चाल एकाच जागी फिरणारी, शब्द बोलीतले, मला अर्धे कळेनात. शेजारी दोन मुलं हसायला लागली. मी त्यांना गप्प करायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला म्हणालो, "छान आहे, पण स्टेजवर हे नको. दुसरं काहीतरी बसव, सगळ्यांना माहीत असलेलं."

तिनं मान हलवली. चार दिवसांनी ती सिनेमातल्या एका गाण्यावर ग्रुपमध्ये नाचली. तिसऱ्या रांगेत.

मी तिला रागावलो नव्हतो. शिक्षा केली नव्हती. पण त्या दिवशी मी तिला शिकवलं ते असं, की तुझ्या घरातलं जे आहे ते शाळेत आणण्यासारखं नाही. हा धडा कुठल्याही पुस्तकात छापलेला नसतो आणि मुलं तो एकदा ऐकला की विसरत नाहीत. तिची आजी पुढच्या वर्षी वारली. मी भेटायला गेलो होतो. घरात बसल्यावर ते गाणं माझ्या डोक्यात आलं. विचारायची हिंमत झाली नाही.

म्हणून त्या शनिवारी सातवीतली मुलगी 'मला अर्धीच येते' म्हणाली, तेव्हा मला ती पाचवीतली मुलगी आठवली.

मधला दुवा

या सगळ्यावर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. आपण मोठी नावं पाहतो. व्हिला-लोबोस, हृदयनाथ, अजय-अतुल. पण लोककथा किंवा लोकगीत थेट वाद्यवृंदात उडी मारत नाही. मध्ये कोणीतरी ऐकणारा लागतो.

व्हिला-लोबोसचंच पाहा. तो जन्मला 1887 मध्ये रिओ दि जानेरो शहरात. वडील ग्रंथालयात नोकरीला, हौशी संगीतकार. त्यांनी मुलाला चेलो शिकवला. वडील लवकर गेले. पोरगा रस्त्यावरच्या वादकांच्या टोळक्यात गिटार वाजवू लागला, सिनेमा-नाटकाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवून पोट भरू लागला. आपण अ‍ॅमेझॉनच्या घनदाट रानात कसे फिरलो, याच्या सुरस कथा तो पुढं सांगायचा, पण त्याचे चरित्रकार त्यातल्या बऱ्याच कथांवर विश्वास ठेवत नाहीत. मग आदिवासींचं संगीत त्याला मिळालं कुठून? त्यातलं काही एदगार रोकेत-पिंतो या अभ्यासकाकडून. हा माणूस 1912 मध्ये फोनोग्राफ घेऊन आतल्या प्रदेशात गेला आणि पारेसी व नाम्बिक्वारा लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून आला. त्यातलीच गाणी पुढं व्हिला-लोबोसच्या रचनांमध्ये आली.

म्हणजे साखळी अशी. आधी गाणारा. मग कान देऊन ऐकणारा आणि टिपून ठेवणारा. आणि शेवटी संगीतकार. मधली कडी नसती तर शेवटची झाली नसती. गो. नी. दांडेकर डोंगरदऱ्यांत फिरले, तिथल्या माणसांत राहिले, तेव्हा 'जैत रे जैत' लिहून झालं, आणि मग गीत-संगीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या शाळेतून संगीतकार निघेल की नाही, हे आपल्या हातात नाही. पण साखळीतली मधली कडी व्हायला शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही. कारण गाणाऱ्या आजीचं नातवंड रोज आपल्या समोर बसलेलं असतं. रोकेत-पिंतोला जंगलात जावं लागलं. आपल्याकडे जंगल रोज साडेदहाला हजेरी द्यायला येतं!

आणि ही परंपरा आपल्याला नवी नाही. साने गुरुजी शिक्षकच होते ना? त्यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केलं. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून केवढं तरी साहित्य छापून ठेवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली आणि तो संग्रह हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेला. 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं येत आहेत. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती सांगू? ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. 'पारंपरिक' असा एक शब्द टाकून मोकळे झालेले नाहीत.

हे महत्त्वाचं आहे, मित्रांनो. 'जैत रे जैत'चे गीतकार, संगीतकार, गायक आपल्याला पाठ आहेत. ज्या पाड्यांवरच्या गाण्या-नाचाच्या अंगानं ते संगीत उभं राहिलं, तिथल्या एका तरी गाणाऱ्याचं नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? मला येत नाही. मोठ्या कलावंतांचं श्रेय कमी करायचं नाही. पण पहिल्या कडीलाही नाव असतं, हे मुलांना शाळेत समजलं पाहिजे. कारण ती पहिली कडी म्हणजे त्यांची आजी आहे.

व्हिला-लोबोस शाळेत आला तेव्हा

या संगीतकाराबद्दल शिक्षकांनी आवर्जून माहीत करून घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. 1932 पासून त्यानं रिओच्या शाळांमधल्या संगीतशिक्षणाची जबाबदारी घेतली. जगभर नाव झालेला माणूस शाळेतल्या पोरांसाठी गाणी लिहीत बसला, शिक्षकांना शिकवत बसला. 'गीया प्रातिको' म्हणजे 'व्यवहारोपयोगी मार्गदर्शिका' नावाचा त्याचा एक संग्रह आहे. त्यात मुलांची खेळगाणी, फेर धरून म्हणायची गाणी, अंगाईगीतं, अशी 137 गाणी शाळेत म्हणता येतील अशी मांडलेली आहेत. आपल्याकडच्या भोंडल्याची, फुगडीची, नागपंचमीच्या झोक्याची गाणी कोणा मोठ्या संगीतकारानं शाळांसाठी नीट मांडून दिली असती, तर जसं झालं असतं, तसं.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो काळ ब्राझीलमध्ये हुकूमशहा वार्गासच्या राजवटीचा होता. राष्ट्रप्रेमाच्या नावाखाली स्टेडियममध्ये हजारो मुलांचे समूहगान होऊ लागले. 1940 साली तर जवळपास चाळीस हजार मुलं एका मैदानात एकत्र गायली. आकडा ऐकून छाती फुगते. पण चाळीस हजारांच्या त्या आवाजात एका मुलाचा स्वतःचा आवाज कुठं असेल? सगळ्यांना एकच गाणं, एकाच वेळी, कोणाच्या तरी इशाऱ्यावर. आपल्यालाही हा मोह होतोच. विक्रम करायचा, ड्रोननं फोटो काढायचा, पेपरला बातमी द्यायची. मला वाटतं, व्हिला-लोबोसकडून ती 137 गाण्यांची वही घ्यावी आणि स्टेडियम तिथंच सोडून द्यावं.

गाण्याची वही

आता प्रत्यक्ष काय करायचं? आमच्या शाळेत जे सुरू केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही. एक दोनशेपानी वही आणि एक मोबाईल.

मुलांनी घरातल्या किंवा वाडीतल्या मोठ्या माणसाकडून एक गाणं, एक गोष्ट, एक उखाणा किंवा एक हुमान, जे मिळेल ते ऐकायचं. शक्य असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. मग वर्गात सगळ्यांनी मिळून ते वहीत उतरवायचं. वरच्या बाजूला चार गोष्टी लिहायच्याच: कोणी सांगितलं, ते कोणाकडून शिकले, हे केव्हा म्हणतात, आणि वहीत लिहायला त्यांनी हो म्हटलं का.

शब्द बोलीत आहेत तसेच लिहायचे. 'शुद्ध' करायचे नाहीत. सुरुवातीला माझाच हात शिवशिवायचा, लाल पेन उचलायला. नाही उचललं. न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि त्याचा अर्थ सांगणाऱ्यालाच विचारून यायचा. भाषेच्या तासाला यापेक्षा चांगला शब्दसंग्रह मला तरी कधी मिळाला नाही. भाताच्या रोपाच्या, पावसाच्या, बांधाच्या किती शब्दांना आपण मुकलो होतो ते तेव्हा कळलं. पालक म्हणून वर्गात कधी न आलेल्या दोन आज्या त्या निमित्तानं शाळेत आल्या. एक म्हणाली, "गुरुजी, आमच्या गाण्याचं लेकरांना काय करायचं?" दुसरीनं तिला दटावलं, "त्यांनी इचारलंय ना, मग म्हण की!"

पुढची पायरी म्हणजे वर्गातला वाद्यवृंद. हसू नका. सूप, स्टीलची थाळी, बाटलीत भरलेले भाताचे दाणे, टिपऱ्या, टाळ, आणि मिळाली तर हलगी. सातवीच्या त्या मुलीनं आजीकडून ती गोष्ट पूर्ण करून आणली. मुलांनी ठरवलं, पाऊस कोण, रान कोण, पाखरू कोण. पाखरासाठी शिट्टी वाजवणारा शोधला. तो मागच्या बाकावरचाच निघाला. सहा-सात मिनिटांची 'रचना' झाली. सुरात होती का? नाही. पण कुठल्या आवाजानंतर कुठला आवाज यावा यावर मुलं जी भांडली, ते भांडण म्हणजेच संगीताचं शिक्षण, असं माझं मत आहे.

लहान वर्गांसाठी उइरापुरू लांबतो. त्यांना व्हिला-लोबोसचीच आगगाडी ऐकवा. त्याच्या 'बाख्यानास ब्राझिलैरास'मधल्या दुसऱ्या रचनेचा शेवटचा भाग म्हणजे खेड्यापाड्यातून जाणारी छोटी झुकझुक गाडी. चार-पाच मिनिटांत गाडी सुटते, वेग घेते आणि धापा टाकत थांबते, सगळं वाद्यांतूनच. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. काही मुलांनी गाडी अजून पाहिलेलीही नाही. तरी तिसरीचा वर्ग रांग करून वर्गभर धावला.

शंका येणारच

पहिली शंका वेळेची. अभ्यासक्रम आहे, निपुण आहे, ऑनलाइन माहिती भरणं आहे. मान्य. मीही त्याच गाड्यातला बैल आहे. पण महिन्याला एक गाणं, एवढं तर जमेल? वर्षाची दहा होतात. केंद्रातल्या दहा शाळांनी केलं तर शंभर.

दुसरी शंका पालकांची. यानं मार्क वाढतील का? खोटं कशाला सांगू, मला माहीत नाही. मी एवढंच पाहिलं की जो मुलगा चार वाक्यं लिहायला रडायचा, तो आजोबांनी सांगितलेली गोष्ट दीड पान लिहून मोकळा झाला. त्याला लिहायला काहीतरी होतं आणि ते त्याच्याशिवाय वर्गात कोणालाच माहीत नव्हतं.

तिसरी शंका खरी अडचणीची आहे. जुनं आहे म्हणून सगळंच चांगलं असतं का? नसतं. काही गाण्यांत बाईला कमी लेखलेलं असतं, काहींत जातीवरून टोमणे असतात, काही गोष्टींत भूत-चेटूक येतं. उइरापुरूच्या कथेतही म्हाताऱ्याला कुरूप म्हणून हाकलतात. त्यावर आमच्या वर्गात चांगलाच वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "हाकललं नसतं तर त्यानं बाण मारलाच नसता." अशा गोष्टी लपवू नयेत, त्यावर मुलांना बोलू द्यावं. स्टेजवर काय न्यायचं ते मात्र आपण विचार करून ठरवावं.

आणि एक विनंती. विचारल्याशिवाय कोणाचं गाणं यूट्यूबवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. उपक्रमाचा व्हिडिओ पाठवायचा म्हणून आजीचं तोंड जगभर फिरवायचा आपल्याला हक्क नाही. गाणं तिचं आहे. तिनं हो म्हटलं तरच.

शेवटी

त्या पाचवीतल्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली. ती आता कॉलेजला जाते, संगमनेरला. दिवाळीत गावात आली होती, तेव्हा मी तिच्या घरी गेलो आणि सरळ सांगितलं, "त्या वेळी मी तुला ते गाणं म्हणू दिलं नाही. चुकलं माझं." ती आधी हसली. म्हणाली, "सर, तुम्हाला आठवतंय?" मग तिनं आठवायचा प्रयत्न केला. चाल आली. शब्द मात्र दोनच ओळींचे आले. पुढचे आईलाही येईनात. वाडीतल्या दोन म्हाताऱ्या बायांना विचारलं, त्यांचं गाणं वेगळं निघालं.

त्या दोन ओळी आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. वर तिच्या आजीचं नाव आहे. खाली बाकीचं पान कोरं ठेवलंय. मुलं विचारतात, सर, हे पान कोरं का? मी त्यांना सगळं सांगतो, माझ्या चुकीसकट.

ब्राझीलच्या कथेतला पक्षी मेल्यावर पुन्हा पक्षी होऊन गात राहतो. आपल्या आजीच्या गाण्याला तशी सोय नाही. ते कोणीतरी ऐकून ठेवलं तरच राहतं. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास देताना शुद्धलेखनाची दहा पानं कमी करा आणि मुलांना एवढंच सांगा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, एक गाणं ऐका आणि ते कोणाचं आहे ते लिहून आणा. पालकहो, त्या दिवशी तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा.